हातातला गेम आणि मांडवीतला जुगार

यंदा ओसाकाहून नववर्षाच्या सुट्टीला गोव्यात, म्हापशाला आले तेव्हापासून एकाच विषयावर बोलून बोलून घसा बसायची वेळ आलीय, म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहून टाकू. विषय असा की मी जपानमध्ये नोकरी करते, चाळिशीला आले तरी हातात धरून खेळायचे गेम आवडीने खेळते आणि भाच्यालाही खेळायला देते, आणि घरातल्या निम्म्या लोकांना हे पटत नाही. आतेने तर तोंडावर विचारलं, "बाय, तू एवढी शिकलेली, तूच पोराला जुगाराची सवय लावणार काय?" आते, तुझी काळजी मला कळते, आणि आजूबाजूला जे चाललंय ते बघता ती काळजी चुकीचीही नाही, पण ती चुकीच्या वस्तूवर निघतेय असं माझं ठाम मत आहे.

भाच्यासाठी मी यावेळी जुना गेम बॉय आणला, म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचा हातात धरून खेळायचा गेम. ओसाकात निप्पोनबाशीला डेनडेन टाउन म्हणून भाग आहे, तिथे जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानं ओळीने आहेत आणि बिघडलेल्या मशीन टोपल्यात भरून स्वस्तात विकायला ठेवलेल्या असतात. मी त्यातलीच एक उचलली. प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, स्क्रीनवर मधल्या चार-पाच उभ्या रेघा दिसतच नव्हत्या, आणि सेलच्या खणात जुने सेल गळून पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखं झालेलं. म्हापशाच्या बाजारात एक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी अशी वस्तू आयुष्यात पाहिली नव्हती. तीन पाकळ्यांचे स्क्रू बघून आधी जरा वैतागले, मग कुठूनतरी बरोबर बसणारा पेचकस काढला, खणातला गंज व्हिनेगारमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसला, आणि स्क्रीनच्या खालच्या कडेला जी चपटी पट्टी चिकटवलेली असते तिच्यावरून सोल्डरिंगचं टोक अगदी हलक्या हाताने फिरवलं. एकेक रेघ परत यायला लागली तसा भाचा टाळ्या पिटायला लागला. काकांनी पैसे घेतले नाहीत, फक्त एक डाव खेळून बघितला.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जपानमध्ये बनलेली वस्तू म्हापशात एका बाकावर दुरुस्त होते हा मला योगायोग वाटत नाही. गेम बॉय १९८९ साली आला, तो गुनपेई योकोई यांच्या विभागात तयार झाला, आणि त्या माणसाचं सगळं तत्त्वच हे होतं की सर्वात नवीन आणि महाग तंत्रज्ञानाच्या मागे धावायचं नाही, जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याचे गुणदोष सगळ्यांना माहीत झालेत अशा मुरलेल्या तंत्रज्ञानाचा कोणाला न सुचलेला वापर शोधायचा. म्हणून १९८० सालच्या त्यांच्या पहिल्या छोट्या गेम्समध्ये कॅल्क्युलेटरसारखीच स्क्रीन होती. त्याच १९८९ मध्ये अटारीने रंगीत स्क्रीनचा, आत दिवा असलेला लिंक्स काढला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गियर आला, दोन्ही दिसायला कितीतरी सरस, पण सहा सेल टाकायचे आणि काही तासात संपायचे. गेम बॉयला रंग नाही, दिवा नाही, पण चार पेन्सिल सेलवर त्यांच्या कितीतरी पट चालायचा आणि हातातून पडला तरी मोडायचा नाही. त्याचा रंगीत भाऊ धरून जगभर जवळजवळ १२ कोटी विकले गेले. आमच्या लहानपणी बोडगेश्वराच्या जत्रेत खाज्यांच्या दुकानाशेजारी जो राखाडी ब्रिक गेम टांगलेला असायचा, ज्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम असल्याचं छापलेलं असायचं, तो याचाच नक्कल केलेला गरीब नातेवाईक, आणि त्यात खरा गेम एकच असायचा, वरून पडणाऱ्या विटा लावायचा.

त्या विटांच्या गेमवरून आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, राजकारण सुरू झालं. तो गेम म्हणजे टेट्रिस, आणि तो बनवला अलेक्सेई पाजितनोव यांनी, १९८४ साली, मॉस्कोच्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात. तो सरकारी नोकर, त्यामुळे हक्क सरकारचे. १९८९ च्या फेब्रुवारीत हेंक रॉजर्स नावाचा माणूस टुरिस्ट व्हिसावर मॉस्कोत जाऊन सरकारी खात्याच्या दारात उभा राहिला आणि हातात खेळायच्या गेमचे हक्क घेऊन आला, आणि अमेरिकेत गेम बॉय विकायला आला तो टेट्रिस सोबत घेऊनच. ज्याने गेम बनवला त्याला मात्र १९९६ पर्यंत रॉयल्टीचा पैसा मिळाला नाही, तोपर्यंत सोव्हिएत युनियनच उरलं नव्हतं. १९९३ मध्ये एका रशियन अंतराळवीराने, अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह यांनी, हाच गेम बॉय आणि टेट्रिस मीर अंतराळ स्थानकावर नेला होता, हे भाच्याला सांगितल्यावर तो दिवसभर तेच सगळ्यांना सांगत सुटला.

माझे घरचे काका मात्र लगेच म्हणाले, बघ, रशिया आपला. काकांचं मन मी समजू शकते. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजा गोव्यात शिरलेल्या असताना अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने सुरक्षा परिषदेत ठराव आणला की भारताने लढाई थांबवून मागे जावं, सात मतं त्या बाजूने पडली, आणि सोव्हिएत युनियनने व्हेटो वापरला म्हणून तो ठराव पडला, दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त. काकांच्या पिढीने हे रेडिओवर ऐकलंय, त्याचे उपकार विसरायचे नाहीत हे मलाही पटतं. पण म्हणून २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर जे आक्रमण केलं ते बरोबर ठरत नाही. आपण साडेचारशे वर्षं दुसऱ्याच्या राज्यात काढलेली माणसं, मोठा देश शेजाऱ्याच्या घरात रणगाडे घालतो तेव्हा आपलं मन कुठल्या बाजूला जायला पाहिजे हे आपल्याला तरी कळायला हवं. काका गप्प राहिले, मग म्हणाले चहा घे. वाद संपला नाही पण तुटलाही नाही.

जपानच्या राजकारणाबद्दलही सगळे विचारतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सानाए ताकाइची तिथल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, याचं तिकडे केवढं अप्रूप, आणि मी ऑफिसात अभिमानाने सांगितलं की आमच्या गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ मध्येच मुख्यमंत्री झाल्या होत्या. ताकाइचींच्या बऱ्याच धोरणांशी मी सहमत नाही, परदेशी लोकांबद्दलची तिथल्या पक्षांची भाषा कडक होत चाललीय ती तिथे राहणाऱ्या माझ्यासारखीला टोचते. जुलै २०२५ च्या निवडणुकीत 'जपानी आधी' म्हणणाऱ्या सान्सेइतो पक्षाला वरच्या सभागृहात १४ जागा मिळाल्या. इथे म्हापशात आल्यावर भायल्या, म्हणजे बाहेरून आलेल्या, लोकांबद्दल जे बोललं जातं ते ऐकताना आता मला वेगळंच वाटतं, कारण तिकडे भायली मी आहे. जमिनी विकल्या जातायत, डोंगर कापले जातायत हा राग शंभर टक्के खरा, पण तो राग जमीन रूपांतर करून देणाऱ्यांवर काढा, जत्रेत फुगे विकणाऱ्या माणसावर काढू नका.

विज्ञानाबद्दल थोडंच लिहिते. २०२५ चे दोन नोबेल आमच्या ओसाकाच्या भागात आले, ओसाका विद्यापीठाचे शिमोन साकागुची वैद्यकशास्त्रात आणि क्योटोचे सुसुमु कितागावा रसायनशास्त्रात. साकागुचींचा महत्त्वाचा पेपर १९९५ चा आणि नोबेल २०२५ चं, मधली तीस वर्षं हा माणूस रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या त्याच पेशींच्या मागे होता, आणि सुरुवातीला तर त्या विषयाला कोणी विचारतही नव्हतं. मला वाटतं आपल्याकडे हुशारी कमी नाही, दोना पावलच्या समुद्रविज्ञान संस्थेत मी कॉलेजात असताना गेले होते तेव्हा ती डोळ्यांनी बघितलीय, कमी पडते ती पैसे देणाऱ्याची सबुरी.

आणि नवीन गेम का नाही आणला, तर किंमत. निन्टेन्डोचा नवा गेम, स्विच २, जून २०२५ मध्ये आला, जपानमध्ये फक्त जपानी भाषेत चालणारा ४९,९८० येनला आणि सगळ्या भाषांचा ६९,९८० येनला. येन घसरलाय म्हणून बाहेरच्या लोकांनी स्वस्तात उचलून नेऊ नये हा त्यामागचा हिशोब, आणि तिथल्या मुलांच्या दृष्टीने तो मला योग्य वाटतो. अमेरिकेत तर २ एप्रिलला ट्रम्प यांनी टॅरिफ, म्हणजे आयात कर, जाहीर केले, त्यात हे गेम जिथे बनतात त्या व्हिएतनामवर ४६ टक्के, आणि तिथली आगाऊ नोंदणीच पुढे ढकलावी लागली. पोराच्या खेळण्याची किंमत वॉशिंग्टनमध्ये ठरते, असे दिवस आलेत.

आता आतेच्या प्रश्नाकडे. आमच्या वाड्यावरच्या एका मुलाने फोनवरच्या रमीत पगार घालवला, मग मित्रांकडून उसने, मग आईच्या बांगड्या. तो मुलगा वाईट नाही, कामसू आहे. रात्री एक वाजता अंथरुणात पडल्यापडल्या अंगठ्याने पैसे जात होते आणि शेजारी झोपलेल्या भावालाही कळलं नाही. आते हेच डोक्यात धरून बोलत होती. तर आते, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला त्याने हाच फरक केलाय, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ई-स्पोर्ट्स आणि साध्या खेळांना उलट प्रोत्साहन. केंद्राच्या बऱ्याच गोष्टींवर मी टीका करते पण हा कायदा मला मनापासून पटला. भाच्याच्या गेम बॉयमध्ये पैसे टाकायला भोकच नाही. हरला तर परत खेळतो, कंटाळला तर बंद करतो.

पण मग मांडवी नदीतल्या जुगाराचं काय? परवा संध्याकाळी बेतीहून फेरीने पणजीला जात होतो, भाचा कठड्याला टेकून खेळत होता, गेम बॉयच्या स्क्रीनला दिवा नाही म्हणून मावळत्या उजेडाकडे तोंड करून तिरका धरलेला, आणि समोर कॅसिनोच्या जहाजांचे दिवे एकामागून एक लागत होते. मावशी, तिथे काय खेळतात, असं त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं. १९७६ च्या जुगार कायद्यात नव्वदच्या दशकात दुरुस्त्या करून हा दरवाजा उघडला, आणि २०२० पासून गोंयकारांना तिथे खेळायला बंदी आहे. म्हणजे ती गोष्ट आपल्या माणसांसाठी वाईट आहे हे सरकारला मान्य आहे. मग दुसऱ्याच्या पोरांसाठी ती चांगली कशी? ओसाकातही युमेशिमा बेटावर कॅसिनो होतोय, २०३० ला उघडायचाय, जपानमध्ये राहणाऱ्यांना आत जायला ६,००० येन भरावे लागणार, मी त्याच्याही विरोधात आहे आणि तिथल्या मित्रांना तसं सांगते.

माझा मावसभाऊ यातल्याच एका जहाजावर नोकरीला आहे, त्याच पगारावर त्याने घराचं छप्पर घातलं. त्याच्याशी या विषयावर रात्री उशिरापर्यंत बोलले. तो म्हणतो, तू ओसाकात बसून बंद करा म्हणायला सोपं आहे, उद्या बंद झालं तर मला खाणीत परत घेणार आहेत काय? २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा त्याच्या बाबांचा ट्रक अंगणात गंजत उभा राहिला होता, ते त्याने बघितलंय. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. म्हणून माझी मागणी एवढीच की विधानसभेने एक तारीख ठरवावी, त्या तारखेनंतर एकाही जहाजाचा परवाना वाढवायचा नाही, आणि तोपर्यंतची परवाना फी दुसरीकडे कुठेही न वळवता तिथल्या कामगारांच्या पुढच्या नोकऱ्यांसाठी बाजूला काढायची. भाऊ म्हणाला, तारीख लिहून दिली तर मीही सही करतो.