तुम्ही विचारलंत म्हणून: नामांकित विद्यापीठच घ्यावं का?

‘दोन्हीकडे प्रवेश मिळतोय. एक नामांकित आणि महाग, दुसरं फारसं कुणाला ठाऊक नसलेलं, पण खर्च निम्मा. कुठे जाऊ?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही, कारण नावाचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही.

स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांचा 2002 सालचा अभ्यास इथे फार उपयोगी आहे. नामांकित विद्यापीठांचे पदवीधर जास्त कमावतात, पण ते विद्यापीठामुळे की मुळातल्या कुवतीमुळे? त्यांनी सारख्याच तोडीच्या कॉलेजांत अर्ज केलेले आणि प्रवेश मिळालेले विद्यार्थी शेजारीशेजारी ठेवून पाहिले. त्यातले काही चुरशीच्या ठिकाणी गेले, काही नाही. पुढच्या कमाईतला फरक जवळपास उरला नाही. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मात्र फायदा झाला. मला ते पटतं: ओळखी, शिफारस, मुलाखतीचं वळण हे ज्यांच्या घरात नसतं, त्यांना ते विद्यापीठातच मिळतं. घरातली पहिलीच पदवी असेल, तर नाव सहजासहजी सोडू नका.

राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी 2023 साली आयव्ही लीग (अमेरिकेतली आठ नामांकित खासगी विद्यापीठं) आणि त्या तोडीच्या आणखी चार विद्यापीठांची तुलना अग्रगण्य सरकारी विद्यापीठांशी केली. सरासरी कमाईत फारसा फरक नव्हता, पण उत्पन्नाच्या वरच्या 1 टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे दीडपट झाली. म्हणजे बड्या सल्लागार कंपन्या, गुंतवणूक बँका किंवा नामवंत संशोधन संस्था हेच लक्ष्य असेल, तर नाव दार उघडतं.

बाकीच्यांनी आधी कर्ज मोजावं. 10 टक्के व्याजाने 10 वर्षांत फेडायचं कर्ज मुद्दलाच्या जवळपास 1.6 पट होऊन परत जातं, आणि शिकत असतानाचं व्याज साचलं तर त्याहून जास्त. फी, राहणं आणि जेवण धरून सगळ्या वर्षांचा खर्च काढा, शिष्यवृत्ती वजा करा आणि उरलेल्या आकड्यांची तुलना करा.

नोकऱ्यांच्या अहवालातली ‘सरासरी’ बहुतेकांना फसवते. दहापैकी नऊ जणांना 5 आणि एकाला 50 मिळाले, तर सरासरी 9.5 येते, पण मधला आकडा 5 असतो. तो मध्यक मागा, तोही तुमच्याच शाखेचा. किती जणांच्या पगारावरून तो काढला हेही विचारा, कारण नोकरी न मिळालेले बऱ्याचदा हिशेबातच नसतात.

मग विभाग पाहा. मोठ्या विद्यापीठाचा एखादा विभाग दुबळा असू शकतो. पहिल्या वर्षाचे वर्ग स्वतः प्राध्यापक घेतात की संशोधक विद्यार्थी, एका तुकडीत किती जण असतात, प्रकल्पासाठी मार्गदर्शक मिळतो का, हे शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना थेट विचारा. माहितीपत्रकात ते सापडणार नाही.

शिष्यवृत्तीची अट प्रवेश पक्का करण्याआधी लेखी घ्या. पहिल्या वर्षी मिळालेली रक्कम गुण घसरले की दुसऱ्या वर्षी बंद होऊ शकते, आणि तेव्हा कॉलेज बदलणं फार महाग पडतं.