काटोलची पांधण, पावसाळ्यात, सायकलने: जाऊ नका, जाणारच असाल तर आधी हे वाचा

"दोन दिवसांपासून उघाड आहे, पांधण खडखडीत असेल," असं सांगून ज्या भल्या माणसाने आम्हाला कळमेश्वर-काटोल पट्ट्यातल्या पांधणीने, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेने, धाडलं, त्याने ती वाट जानेवारीत केली होती. हे त्याने नंतर फोनवर सांगितलं. जानेवारीत तिथून काहीही न्या. आम्ही गेलो पोळा-मारबत आटोपल्यावर.

फेरा नागपूर, कळमेश्वर, काटोल, सावनेर, कामठी, रामटेक असा. रोज सायकल मारणाऱ्याला अंतर जड नाही, म्हणून त्यावर शब्द घालवत नाही. चाकाखाली कुठली माती आहे एवढंच बघा.

काळ्या मातीचा वरचा बोटभर थर वाळून करडा होतो, त्यावर केसांएवढ्या भेगाही दिसतात. चाक गेलं की तो पापुद्रा फुटतो आणि खाली लोण्यासारखा चिखल. टायरला एक थर बसतो, त्यावर तणाच्या काड्या, त्यावर दुसरा थर. मडगार्ड भरतं, ब्रेक भरतो, मग चाक फिरायचंच थांबतं. आम्ही काडीने कोरून काढायचो, दहा पावलं जायचो, पुन्हा कोरायचो. शेवटी सायकली खांद्यावर, आणि खांद्यावरच्या सायकलीचं वजन दुप्पट वाटत होतं.

कारण साधं आहे. या मातीत चिकणमातीचा भाग निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, आणि ती चिकणमाती पाणी पिऊन फुगणारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिला पाऊस त्यांतून सरळ खाली जातो. माती फुगली की भेगा मिटतात, आणि मग तासाला जेमतेम 1 ते 5 मिलिमीटर पाणी जिरतं. वाळूत हेच 30 च्या वर जातं. पाणी मावतं भरपूर, पण इतक्या बारीक पोकळ्यांत अडकतं की सुटता सुटत नाही. शेतकरी डवरणीआधी (कोळपणीआधी) वापसा यायची, म्हणजे जादा पाणी निथळून माती मशागतीजोगी व्हायची, वाट बघतात ती उगाच नाही. शेतात वापसा आला का, हे बांधावरच्या माणसाला विचारा. सायकलवाल्याला विचारू नका.

पुढे वाट एका बरड, म्हणजे उथळ खडकाळ जमिनीच्या, चढावर गेली आणि चमत्कार! तोच पाऊस, तीच दुपार, पण बूट कोरडे. हा मुरूम, म्हणजे कुजून भुसभुशीत झालेला बेसॉल्ट. पाणी यातून चाळणीसारखं खाली निघून जातं. संत्र्याच्या बागा बघा: खाली मुरूम असलेल्या मध्यम जमिनीत झाड टिकतं, भारी काळ्या जमिनीत मुळाशी पाणी साचलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागतो. कपाशी-तूर आणि खोल काळं रान दिसलं तर सायकल डांबरावर वळवा. संत्रा दिसला तर पांधणीला एक संधी द्यायला हरकत नाही.

तिथल्याच एका विहिरीत वाकून बघितलं. वर माती, मग मुरूम, मग काळा कातळ, आणि कातळाच्या दोन थरांच्या मधे हातभर लाल पट्टा. पाणी पाझरत होतं ते बरोबर त्या पट्ट्याच्या वरून. लाव्ह्याच्या दोन थरांमधली ही लाल माती पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. "अठी झरा लागते," बागवाले काका म्हणाले, आणि संत्री अजून हिरवी असल्याबद्दल त्यांनीच दिलगिरी व्यक्त केली.

आता पिकअप. पाचेक किलोमीटरवरच्या डांबरी रस्त्यापर्यंत सायकली न्यायचे 1,200 मागितले, 900 वर आला. वर म्हणतो, "भाऊ, चिखलाचे पैसे हाय." अडला हरी! लूट आहे. भाव सायकल चढवण्याआधी ठरवा, आणि चिखल बघून वाढणार नाही हे वदवून घ्या.

सावनेर ते कामठी हा कोळशाच्या ट्रकांचा रस्ता. कंटाळवाणा, पण पाण्याच्या बाबतीत सज्जन. कामठीचा वालुकाश्म रवाळ, गंजासारखा तांबूस. बाटलीतलं पाणी ओतलं तर ओघळण्याआधी दगडात मुरतं. अशा कच्च्या वाटेवर सर ओसरल्यावर तासाभरात निघा, काही होत नाही.

कन्हान ओलांडून मनसरकडे गेलं की खडक पुन्हा बदलतो. इथले जुने स्फटिकी खडक स्वतः पाणी पीत नाहीत. जे काही मुरतं ते वरच्या कुजलेल्या थरात आणि फटींत. म्हणून इकडे पाणी वरच अडवायची रीत: धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरं) आणि पूर्व विदर्भभर मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले गावतलाव. बांधाच्या कडेची वाट निसरडी, पण चाकाला चिकटत नाही. रामटेक चांगलंच आहे, गडाचे फोटो सगळ्यांकडे असतात.

वाट घेण्याआधी ओल्या मातीची चिमूट तळहातावर वळून बघा. पेन्सिलीएवढी वळी न तुटता झाली तर परत फिरा. तुटली तर चला. पावसाळ्यात मडगार्ड घरी ठेवा. आणि अडकलेला काळा चिखल वाटेत पाण्याने धुऊ नका, तो बेअरिंगपर्यंत पसरतो. उन्हात वाळू द्या, ढेकळं ठोकून पाडा, मग साखळीला तेल.