उलट्या ऋतूंचे सणवार

मकर संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र ऑकलंडमध्ये राहणाऱ्याला त्याचा अर्थ असा लागतो की सूर्य आता आपल्याकडे पाठ करून निघाला. १४ जानेवारीला न्यूझीलंडमध्ये ऐन उन्हाळा असतो, शाळांना सुट्टी असते, रात्री साडेआठनंतरही उजेड रेंगाळत असतो आणि डिसेंबरातला सर्वांत मोठा दिवस सरून गेल्यामुळे दिवस लहान होऊ लागलेले असतात. अशा दिवशी काळे कपडे घालून अंगणात उभे राहावे आणि थंडीत ऊब मिळते म्हणून तीळगूळ खावा, असे मुलांना सांगताना माझे मलाच हसू येते.

परदेशातील सणांविषयी बोलताना सामान मिळत नाही, माणसे नसतात, रजा मिळत नाही, याच गोष्टी बहुधा पुढे येतात. आमच्याकडे सामानाची अडचण फारशी नाही. तीळ, चिकीचा गूळ, भाजणीचे पीठ, उकडीचे पीठ हे सारे भारतीय दुकानांत मिळते. ताजी पाने-फुले, मध आणि दुधाचे पदार्थ यांच्याबाबत इथले नियम फार कडक आहेत. सामानातली जोखमीची वस्तू जाहीर केली नाही तर विमानतळावर ४०० डॉलर दंड होऊ शकतो, त्यामुळे आंब्याच्या डहाळ्या आणि आईच्या हातचे पेढे यांच्यावर पाणी सोडावे लागते. पण तेवढे चालते. खरी अडचण ऋतूची आहे. आपले सण पिकांशी आणि हवेशी इतके बांधलेले आहेत की ऋतू उलटला की नैवेद्याचे ताट परके वाटू लागते. म्हणून आमच्या घरात हळूहळू एक रीत पडली: पूजा पंचांगाप्रमाणे करायची आणि जेवण इथल्या ऋतूप्रमाणे करायचे.

बोरन्हाणाचे निभावून नेणे सोपे होते. बोरे मिळत नाहीत, परंतु जानेवारीत चेरी आणि ब्लूबेरी यांचा हंगाम असतो. चुरमुरे, रेवड्या, हलवा यांच्यात ब्लूबेरी मिसळल्या की पाटावर बसलेल्या बाळाच्या झबल्यावर जांभळे डाग पडतात, आणि काळ्या कपड्यांची प्रथा अशा वेळी एकदम व्यवहारी वाटू लागते.

पाडव्याला इथे शरद ऋतू असतो. आंब्याला मोहोर नाही, कैरी नाही, कडुनिंबाचे झाड तर आसपास कुठेच नाही. पण नेमक्या मार्च-एप्रिलमध्ये घरोघरच्या कुंपणांना फिजोआ लागतात. पेरूच्या कुळातले हे हिरवे, अंडाकृती फळ पिकले की आपोआप जमिनीवर पडते आणि इतके पडते की लोक पिशव्या भरून 'फुकट न्या' अशा पाटीसह फाटकापाशी ठेवून देतात. थोडे कच्चे फिजोआ सालीसकट किसून, भिजवलेल्या वाटल्या डाळीत मिसळून वर हिंग-मोहरीची फोडणी दिली की जी डाळ होते, तिला आंबेडाळ म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तिला कैरीचा तोरा नाही, पण आंबटपणा आहे आणि अत्तरासारखा एक वास आहे. आता पाडव्याला मुले तीच मागतात.

दिवाळीची गोष्ट थोडी वेगळी आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे सरकतात, त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्या लावायच्या तर पावणेआठ-आठपर्यंत अंधाराची वाट पाहावी लागते. फटाक्यांचे तर वर्षभरात चारच दिवस असतात: गाय फॉक्सच्या रात्रीनिमित्त, म्हणजे ५ नोव्हेंबरच्या जुन्या इंग्रजी आतषबाजीच्या सणानिमित्त, २ ते ५ नोव्हेंबर एवढ्याच काळात ते दुकानांत विकता येतात, आणि तेही अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आले, म्हणजे फटाके मिळायला अजून बरेच दिवस होते, आणि मुलांनी तोंडे पाडली. ५ नोव्हेंबरला मात्र त्रिपुरारी पौर्णिमा होती. तुळशीचे लग्न पौर्णिमेपर्यंत लावता येते, हे सासूबाईंनी फोनवरून सुचवले, आणि हिवाळाभर खिडकीत जपलेल्या कुंडीतल्या तुळशीचे लग्न त्या संध्याकाळी लागले. आमच्या मंगलाष्टकांना साऱ्या उपनगराने आतषबाजीची साथ दिली. गाय फॉक्सशी आमचे काही देणे-घेणे नाही, पण मुहूर्त त्याने चांगला दिला.

एवढे करूनही हिवाळा रिकामाच राहत होता. जून-जुलैत पाच-सव्वापाचला अंधार पडतो, हवेत ओलसर गारठा असतो आणि आपल्या पंचांगात या दिवसांत वटपौर्णिमा आणि आषाढी एकादशी सोडल्यास फारसे काही नसते. ही पोकळी भरून निघाली ती मातारिकीमुळे. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. हिवाळ्यात काही काळ दिसेनासा झालेला हा तारकापुंज पहाटे ईशान्येच्या क्षितिजावर पुन्हा उगवला की माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचे, नववर्ष सुरू होते. २०२२ पासून या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते आणि तिची तारीख आपल्या सणांसारखीच चंद्रावरून ठरत असल्यामुळे दरवर्षी बदलते: २०२२ मध्ये २४ जून, २०२३ मध्ये १४ जुलै, २०२४ मध्ये २८ जून. तिथीवरून सुट्टी पाळणाऱ्या या देशाबद्दल मला त्या दिवसापासून अधिक आपुलकी वाटू लागली.

या पुंजातील नऊ तारे माओरी परंपरेत निरनिराळ्या गोष्टींशी जोडलेले आहेत. कुणी जमिनीत पिकणाऱ्या अन्नाशी, कुणी पावसाशी, कुणी वाऱ्याशी. पोहुतुकावा नावाचा तारा मृतांचा आहे, आणि वर्षभरात गेलेल्यांची नावे पहाटे ताऱ्यांसमोर उच्चारली जातात. ताऱ्यांना शिजवलेल्या अन्नाची वाफ अर्पण करण्याचा विधीही असतो. तो आम्ही करत नाही आणि करूही नये असे माझे मत आहे, कारण तो ज्यांचा आहे त्यांनीच तो जपायचा; आम्ही टेकडीवर जमलेल्या लोकांत पाहुण्यासारखे मागे उभे राहतो. नावे मात्र आम्हीही घेतो. भाद्रपदातला पितृपक्ष इथे वसंतात येतो, आणि बाबांचे श्राद्ध अलिबागला भाऊ रीतसर करतोच, तरी मुलांना आजोबांचे नाव मोठ्याने घेण्याची जागा या थंड पहाटेने दिली.

जेवणाचा प्रश्न मग आपोआप सुटला. मातारिकीला अनेक ठिकाणी हांगी लावतात. जमिनीत खड्डा खणून त्यात तापवलेले दगड ठेवायचे, वर मांस, बटाटे, कूमरा म्हणजे इथले रताळे, भोपळा रचायचा, ओल्या कापडाने झाकून माती लोटायची आणि काही तास थांबायचे. रायगडच्या माणसाला हे पाहून पोपटी आठवल्यावाचून राहत नाही. वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे थंडीतल्या रात्री शेतात पोपटी लागते: मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, तोंडाशी पाला ठासून मडके उपडे करायचे आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ करायचा. जानेवारीत ती इथे करणे अशक्यच होते, कारण उन्हाळ्यात कोरड्या भागांत मोकळ्या जाळावर बंदी येते.

आता आम्ही ती मातारिकीच्या सुट्टीला लावतो. मडक्याऐवजी जाड बुडाचे पातेले, पेंढ्याऐवजी कोळशाची शेगडी आणि भांबुर्डीऐवजी कोबीची मोठी पाने असतात. कोबीच्या पानांची युक्ती हांगी लावणाऱ्या शेजाऱ्यांची. वालाच्या शेंगा मिळत नाहीत आणि भांबुर्डीचा तो उग्र वास कशानेच येत नाही, ही उणीव भरून निघालेली नाही. तीळगुळाच्या वड्याही आम्ही त्याच दिवशी दुसऱ्यांदा करतो, आणि हातमोजे घातलेल्या हातांनी त्या खाताना तीळ उष्ण का म्हणतात हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

एक पेच मात्र मधूनमधून पडणारच. मातारिकीची सुट्टी नेहमी शुक्रवारी आणि वद्य पक्षात येते, त्यामुळे एखाद्या वर्षी एकादशी आडवी येऊ शकते. आमच्याकडे पोपटीवर जीव टाकणारे आणि एकादशी कडक पाळणारे असे दोन पक्ष आहेत, आणि एका पातेल्यात दोघांचे भागणार नाही. म्हणून त्या वर्षी दुसरे पातेले काढायचे, त्यात ओवा आणि कोबी टाळून फक्त कूमरा, बटाटे, भुईमूग आणि जिरे घालायचे, केळीचे पान लावायचे आणि ते शेगडीवर आधी चढवायचे, असे ठरले आहे.