बॉक्स्टरचं आयएमएस बेअरिंग: काम सोपं, काउंटर अवघड (माझा अनुभव)

माझी 2001 ची पोर्शे बॉक्स्टर एस, 3.2 लिटर, मॅन्युअल, इथे न्यू जर्सीत सेकंड हँड घेतलेली. क्लच स्लिप व्हायला लागला, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हटलं त्याच लेबरमध्ये आयएमएस बेअरिंगही उरकून घेऊ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या एम96 इंजिनात चेनवर फिरणारा इंटरमीडिएट शाफ्ट (म्हणजेच आयएमएस) असतो आणि त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग. वर्षानुवर्षांनी सील कडक होतं, गरम ऑइल आत शिरून ग्रीस धुऊन टाकतं आणि तेच जुनं ऑइल आत अडकून राहतं. बेअरिंग तुटलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टनचं टायमिंग जातं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, इंजिन संपलं.

आता खरा वैताग. सुरुवातीच्या गाड्यांत डबल रो बेअरिंग (बॉलच्या दोन ओळी), नंतरच्यांत सिंगल रो (एकच ओळ), आणि 2000-2001 मध्ये दोन्हीपैकी काहीही निघू शकतं, उघडल्याशिवाय खात्री नाही. वर्कशॉपचा काउंटरवाला म्हणतो नव्या बेअरिंगचं किट हातात आल्याशिवाय गाडी लिफ्टवर घेणार नाही. बरं, मग कुठलं किट मागवणार? तर म्हणे ते तुम्ही सांगा! अहो उघडल्याशिवाय मी कसं सांगू? व्हीआयएन (गाडीचा चासी नंबर) टाकून बघितला, त्यातही नक्की काही कळेना. म्हटलं दोन्ही मागवा, लागेल ते बसवा, तर स्पेशल ऑर्डर परत होत नाही. टेक्निशियनला विचारून कळवतो म्हणाला आणि फोन काही येईना, मी केला की तोच "कळवतो". गाडी तिकडे आवारात उन्हात उभी आणि मी इकडे चरफडतोय.

शेवटी मीच एका पार्ट्सवाल्याकडून ईमेलवर लेखी घेतलं की पॅकिंग न फोडलेलं किट तो परत घेईल, त्याची प्रिंट काउंटरवर ठेवली आणि थेट टेक्निशियनला बोलवा म्हटलं. तो आला, वाचलं, म्हणाला उद्या घेतो. बस, एवढंच लागत होतं! तुमची गाडी या दोन वर्षांतली असेल तर बुकिंगच्या आधीच हे लेखी घेऊन ठेवा, तोंडी आश्वासनावर अजिबात जाऊ नका.

निघालं सिंगल रो. जुनं बेअरिंग मी मागून घेतलं, सील उचकटून बोट फिरवलं तर काळं पातळ ऑइल, ग्रीसचा मागमूस नाही. वेळेत निघालं, खरंच जीव भांड्यात पडला.

हो, एक महत्त्वाचं राहिलं, हे सगळं करायच्या आधी ऑइल फिल्टर काढून त्याच्या घड्या पांढऱ्या कागदावर उलगडा आणि चुंबक फिरवा. तपकिरी प्लास्टिकचे बारीक तुकडे चेन गाइडचे असतात, त्याने लगेच घाबरू नका, पण चुंबकाला चिकटणारे चकचकीत कण दिसले तर नुसतं बेअरिंग बदलून उपयोग नाही, आधी ते कण कुठून येतायत ते शोधा. सम्पही (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवून बघायला सांगा. रिअर मेन सील (क्रँकशाफ्टचं गिअरबॉक्सकडचं ऑइल सील) त्याच वेळी बदला, परत गिअरबॉक्स उतरवायचे पैसे कोण देणार. आणि 2006 ते 2008 च्या इंजिनांत बेअरिंग मोठं आहे, ते इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे तिथे कुणी क्लचबरोबर बदलून देतो म्हणाला तर सरळ दुसरं गॅरेज बघा.

ऑइल मी आता 5,000 मैलांवर बदलतो, गाडी कमी चालली तरी सहा महिन्यांनी बदलतोच, आणि दर वेळी फिल्टर उघडून बघतो.