टाकलं नाही, सोपवलं

रात्रपाळी संपवून ठाणे स्टेशनवर उभी आहे, पण मन वॉर्डातच आहे. पहाटे एक मुलगी दोन दिवसांचं बाळ घेऊन आली. "ताई, मला नाही जमणार. पण ह्याला काही होऊ देऊ नका."

मी काहीच विचारलं नाही. आधी बाळाला ऊब, तिला चहा. डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. मग १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन. बाल कल्याण समितीकडे बाळ रीतसर सोपवता येतं, त्यानंतरही विचार बदलायला दोन महिने मिळतात, हे कळल्यावर ती पहिल्यांदा रडली.

मागून कुणीतरी म्हणालं, "कसली आई ही!" फार लागलं मला. अहो, कचराकुंडीपाशी नाही, माणसांच्या हातात दिलं तिने!

निघताना दुपटं तिनेच नीट गुंडाळलं.