तुम्ही विचारलंत म्हणून: मुलींना कोणता वॉर्ड आवडतो?

प्रवेशाचे दिवस आले की गडहिंग्लज, शिरोळ, राधानगरीकडून पालक येतात आणि शुल्क, वसतिगृह, सुट्ट्या हे सगळे विचारून झाले की उठता उठता हमखास एक प्रश्न टाकतात, ‘मॅडम, पोरीनं पुढं कुठला वॉर्ड धरावा? बाकीच्या पोरींना काय आवडतंय?’ कोल्हापुरात नर्सिंग शिकवायला लागल्यापासून मी याचे उत्तर दारात उभ्या उभ्या देत आले आहे, आणि ते प्रत्येक वेळी अर्धे राहिले आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. बी.एस्सी. नर्सिंग किंवा जी.एन.एम. ही नर्सिंगची पदविका झालेल्या मुलीची नोंदणी सर्वसाधारण परिचारिका आणि प्रसविका अशी होते. तिने कोणत्या विभागात काम करायचे हे बहुतेक वेळा मेट्रन, म्हणजे रुग्णालयातल्या परिचारिकांच्या प्रमुख, ठरवतात आणि गरजेनुसार ते बदलतही राहते. शिक्षणातली विशेष शाखा येते ती एम.एस्सी.ला, आणि तिथे प्रौढांची वैद्यकीय-शस्त्रक्रिया शुश्रूषा, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य अशा पाच शाखा आहेत. तरीही आवड निरर्थक नाही, कारण कुठे अर्ज करायचा आणि कुठे टिकून राहायचे हे शेवटी तीच ठरवते.

पहिल्या आठवड्यात मी नव्या वर्गाला एका चिठ्ठीवर पसंतीचा विभाग लिहायला सांगते. चिठ्ठ्या उघडल्या की लहान मुले, प्रसूती, ऑपरेशन थिएटर आणि आयसीयू हीच नावे पुन्हा पुन्हा येतात; मनोरुग्णांचा विभाग क्वचित कुणी लिहिते, आणि वृद्धांची सेवा असे लिहिलेली चिठ्ठी हाती आली की मी ती दोनदा वाचते. हे फक्त आपल्याकडचे नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ब्रेंडा हॅपेल या संशोधक परिचारिकेने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हेच विचारले होते आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीतही मानसिक आरोग्य आणि वृद्धांची सेवा तळाशीच होती.

बाळ आणि बाळंतीण यांच्याकडे ओढा असणे समजू शकते, कारण तिथे बहुतेक जण बरे होऊन, हसत घरी जातात. वृद्धांचे मात्र मला बरीच वर्षे कोडे पडले होते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली आजीच्या हाताखाली वाढलेल्या असतात, तिचे पाय चेपून, तिला आंघोळ घालून कॉलेजला आलेल्या असतात, मग त्याच मुली या कामापासून दूर का पळतात? एकीला मी सरळ विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, ते तर घरातबी करतोच की. त्यात शिकायचं काय?’ त्या एका वाक्यात मला उत्तर सापडले. जे काम घरातल्या बाईने न सांगता, न मोजता करायचे असते, त्याला विद्या म्हणायची सवयच आपल्याला नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलणे, गिळताना ठसका लागतो का हे पाहून त्याला बसवून भरवणे, पाच डॉक्टरांनी दिलेल्या बारा गोळ्यांपैकी कोणत्या एकमेकींना मारक आहेत हे डॉक्टरांच्या नजरेस आणणे, आणि अचानक बडबडू लागलेल्या आजोबांना ‘म्हातारचळ’ म्हणून न सोडता लघवीतला जंतुसंसर्ग किंवा शरीरातले कमी झालेले पाणी तपासायला लावणे, याला आयसीयूइतकेच बारीक लक्ष लागते. आयसीयूत मॉनिटर वाजतो. इथे वाजत काहीच नाही, परिचारिकेच्या नजरेलाच ते काम करावे लागते.

हल्ली या गोष्टीला आणखी एक पदर आला आहे. माझ्या काही विद्यार्थिनी संध्याकाळी जर्मन शिकतात, कारण 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि त्यात परिचारिकांनाही जागा आहे. जर्मनीत 2020 पासून सर्वसाधारण, बाल आणि वृद्ध अशा तीन वेगळ्या नर्सिंग शिक्षणांचे एकत्रीकरण झाले, आणि तिथल्या मागणीचा मोठा भाग वृद्धांच्या सेवेचाच आहे. म्हणजे इथे जी चिठ्ठी लिहायला हात धजत नाही, तेच काम परक्या भाषेत करायला मुली निघाल्या आहेत. त्यांनी जाऊ नये असे मी म्हणत नाही. पण निघण्यापूर्वी त्यांना हे स्पष्ट सांगणारे कुणीतरी असले पाहिजे, आणि ते त्यांच्या शिक्षिकेनेच सांगावे असे मला वाटते.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वर्षाची चिठ्ठी तिसऱ्या वर्षापर्यंत बदलते, आणि ती कशाने बदलते हे मी जवळून पाहिले आहे. ती बदलते वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरमुळे. आयसीयूचे स्वप्न घेऊन आलेल्या एका हुशार मुलीला एका रुग्णालयात तीन आठवडे फक्त तापमान-नाडीच्या नोंदी करायला आणि ट्रॉली पुसायला लावले गेले, आणि प्रश्न विचारला की सर्वांसमोर बोलणी बसत. ‘मला आयसीयू नकोच,’ असे ती परत येऊन म्हणाली. खरे तर तिला आयसीयू दिसलेच नव्हते. ही चूक माझीही होती, कारण पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन मी बोलायला हवे होते.

याच्या उलट अनुभव मानसिक आरोग्याचा. या पोस्टिंगसाठी, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी, आम्ही मुलींना रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेतो. बस आंबा घाट उतरू लागली की गाणी थांबतात. एकीच्या आईने तर पर्समध्ये अंगाऱ्याची पुडी दिली होती. तिथे प्रत्येकीला एका रुग्णाशी रोज बोलून ते संभाषण शब्दशः लिहून काढावे लागते आणि आपण काय बोललो, का बोललो हे मला समजावून सांगावे लागते. अंगारा घेऊन आलेल्या त्या मुलीच्या रुग्णबाई चार दिवस भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि पाचव्या दिवशी त्यांनी तिलाच विचारले, ‘जेवलीस काय?’ तिने वहीत तेवढेच दोन शब्द लिहिले होते आणि खाली अर्धे पान मोकळे सोडले होते. परतीच्या प्रवासात तिने एम.एस्सी.ला मानसिक आरोग्य घेता येते का, अशी चौकशी केली. चांगल्या पोस्टिंगनंतर विद्यार्थ्यांचा या विभागाकडे पाहण्याचा दृष्टिकोन सुधारतो, हे हॅपेल यांच्या पुढच्या अभ्यासांतही दिसले आहे. मला ते त्या मोकळ्या अर्ध्या पानात दिसले.

सामुदायिक आरोग्याचेही तसेच. ‘उन्हातान्हात फिरायचं काम’ म्हणून नाक मुरडणाऱ्या मुली 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर तसे बोलायच्या थांबल्या, कारण रक्तदाबाच्या गोळ्या आणि इन्सुलिन पाण्यात सोडून आलेली माणसे त्यांच्याच गावची होती. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नर्सिंग पदवीधरांना जागा मिळू लागल्यापासून पालकांचाही या विभागाविषयीचा सूर बदलला आहे.

नर्सिंग शिकणाऱ्या मुलांविषयी थोडे. लेबर रूममध्ये ब्रदरला, म्हणजे पुरुष परिचारकाला, नातेवाईक नको म्हणतात, त्यामुळे अभ्यासक्रमात असूनही त्यांचा तो अनुभव तोकडा राहतो आणि ते ऑपरेशन थिएटर, आयसीयू, अपघात विभागाकडे वळतात. त्याला आवड म्हणणे मला जड जाते.

म्हणून पालकांनो, तुमची मुलगी दिवाळीत घरी आली की ‘कुठला वॉर्ड आवडला’ असे विचारू नका. कोणत्या वॉर्डात तुला रुग्णाला हात लावू दिला, कोणत्या सिस्टरने शेजारी उभे राहून शिकवले आणि कोणत्या रुग्णाचे नाव अजून आठवते, एवढे विचारा. आणि एखाद्या वॉर्डात तिला नुसतेच उभे केले असेल, तर मला फोन करा. पुढची पोस्टिंग लागण्याआधी मी तिथे जाऊन येईन.