शाळू आहे, पण गिरणी बंद आहे

आडीअडचणीला घरात किती धान्य भरून ठेवावं, हे मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. बेळगावात फ्लॅट घेतलेली भाची विचारते, गल्लीतल्या नव्या सुना विचारतात, पुण्याहून सुट्टीला आलेले पाहुणे विचारतात. आधी "काकू, एवढं कशाला भरून ठेवालाय ओ, दुकान हाय की कोपऱ्यावर" म्हणून हसायचं आणि मृग जवळ आला की वही-पेन घेऊन यायचं, हा क्रम ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. पण 'किती पोती' इथून सुरुवात करू नका. वीज गेली, रस्ता तुटला, नळाला पाणी नाही, अशा दिवशी दुपारी तुमच्या घरात काय शिजेल, इथून करा.

कारण आमच्या भागात पुरात धान्य सहसा संपत नाही, पीठ संपतं. घरटी शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, दोन-तीन पोती असलेल्या गल्लीतसुद्धा चौथ्या-पाचव्या दिवशी बायका एकमेकींकडे वाटीभर पीठ मागायला लागतात. गिरणी विजेवर चालते आणि पाणी चढायला लागलं की वीज आधी तोडतात. तोडावीच लागते, नाहीतर पाण्यात करंट उतरायचा. जातं अजून बऱ्याच घरांत आहे, पण ते लग्नात हळद दळण्यापुरतं बाहेर निघतं. खुंटा हरवलेला, टाकी लावून किती वर्षं झाली ते कुणाला सांगता येत नाही. आणि टाकी लावलेली असली तरी पाच माणसांच्या भाकरीचं पीठ दळायला जे खांदे लागतात, ते आता आमच्यात राहिलेले नाहीत. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. गिरणी आली म्हणून बायकांची पहाट सुटली, ते चांगलंच झालं. बेगमी करताना मात्र गिरणी धरून हिशेब करू नये, एवढंच.

माझं सासर निपाणीच्या बाजूला वेदगंगेच्या काठचं आणि माहेर खानापूर तालुक्यात जांबोटीच्या वर, कणकुंबीच्या वाटेवर. दोन्हीकडचा पावसाळा वेगळा. माहेरी पाऊसच इतका की झाड तारांवर पडतं, ओढ्यावरचे बुटके पूल पाण्याखाली जातात आणि गाव आपोआप आत राहतं. तिथं पूर घरात येत नाही, पण वीज आणि वाट दोन्ही जातात. सासरी उलटं. इथं कधीकधी लख्ख ऊन असतं आणि नदी चढत असते, कारण पाऊस पडतो तो वर घाटात, पाटगाव-काळम्मावाडीच्या धरणांच्या अंगाला. वेदगंगा, दूधगंगा, पुढं कृष्णा, सगळ्या एकमेकींना तटवून धरतात आणि पाणी मागं फुगतं. २००५, २०१९, २०२१ ही सालं इथं कुणाला सांगावी लागत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावरच पाणी आलं. रस्ता बंद म्हणजे कोल्हापूरकडचं दूध-भाजी बंद, संकेश्वरकडूनही काही नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मात्र सगळं दुसऱ्या टोकाला होतं. कोगनोळीच्या नाक्यावर कर्नाटक-महाराष्ट्राची सीमा बंद झाली, कागलला दिलेली लेक हाकेच्या अंतरावर असून भेटेना, बाजार भरेना. पण वीज होती, गिरणी चालू होती, गॅस येत होता, नळ वाहत होता. तेव्हा पोत्यातला शाळू खरा कामाला आला. म्हणजे एकाच घरात दोन तऱ्हेची शिदोरी हवी. एक, लांबलेल्या टंचाईची, जी दळून, शिजवून खाता येते. दुसरी, पाण्याच्या वेढ्यातली, जी कमीत कमी आगीवर किंवा आगीशिवाय खाता येते. लोक पहिली करतात आणि निश्चिंत होतात.

आता हिशेब. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य, हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातला आकडा. दिवसाला भागून बघा, पावणेदोनशे ग्रॅमही होत नाहीत. तो आधार आहे, पोटभर नव्हे. राबणाऱ्या माणसाला दिवसाला चारशे ग्रॅम धान्य धरा. त्यातून साधारण चौदाशे कॅलरी मिळतात. वर सत्तर ग्रॅम डाळ, तीस ग्रॅम तेल, तीस ग्रॅम गूळ घातला की दोन हजारांच्या आसपास जातं. पाच माणसांच्या घराला पंधरा दिवसांसाठी तीस किलो धान्य, पाचेक किलो डाळ, अडीच लिटर तेल, सव्वादोन किलो गूळ आणि एक किलो मीठ. बस. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढंच? हो, एवढंच. कोठीभर नको. फक्त त्या तिसातलं निम्म्याहून जास्त गिरणीवाचून शिजणारं असू द्या.

म्हणजे तांदूळ आलाच. खानापूरकडे तो घरचाच असतो. जुना तांदूळ असेल तर उत्तम, नव्याचा भात गिच्च होतो आणि पावसाळी हवेत लवकर आंबतो. मग पोहे, रवा, शाळूच्या कण्या. कण्या मी गिरणीतून मुद्दाम भरडून आणते. ताकात शिजवल्या की पोटभर होतात, आणि पिठापेक्षा जास्त दिवस चांगल्या राहतात. शाळूचं पीठ पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांतच कडवट लागायला लागतं, बाजरीचं तर त्याच्याही आधी. म्हणून दहा-दहा किलो पीठ दळून ठेवणं हा बेगमीचा मार्ग नव्हे.

आणि कडक भाकरी. या मुलखात राहून ज्यांच्या घरात पावसाळ्यात कडक भाकरीची चवड नाही, त्यांचं मला नवल वाटतं. शाळूची किंवा सज्ज्याची, म्हणजे बाजरीची, कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मंद आचेवर पार ओल निघेस्तोवर वाळवायची. घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर सहज टिकते. डबा दहादा उघडला तर हवेतली ओल धरून चामट होते, म्हणून दोन डब्यांत विभागून ठेवते, एक खाण्याचा आणि एक न उघडण्याचा. सोबत शेंगाचटणी, कारळ्याची, जवसाची. पाऊस, वीज, गॅस, कशाचाच या भाकरीला संबंध नाही. घरी जमत नसेल तर बेळगावात आणि निपाणीत बायकांच्या बचतगटांकडे तयार मिळते. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ हे तर लेकरांच्या हातात द्यायलाच. गूळ पावसाळ्यात पाघळतो. कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात.

डाळींत मूग आधी. तुरीला वेळ लागतो, हरभऱ्याला त्याहून जास्त, आणि वेळ म्हणजे गॅस. तूरच हवी तर रात्री भिजत घाला. तांदूळ-मुगाची खिचडी एका कुकरमध्ये, एका शेगडीवर होते, वेढ्यात दुसरं काही सुचूही नये. भरलेला सिलिंडर एक जादा असावा. तो पुराच्या पाण्यात तरंगतो, भरलेला असला तरी. म्हणून खांबाला दोरीनं बांधून ठेवा आणि रेग्युलेटर काढून टोपण लावा. माहेरी सरपण पडवीत माळा घालून ठेवतात, शेणी वेगळ्या. ते शहाणपण गॅस आला म्हणून मोडू नका.

पाण्याचं कुणी विचारतच नाही. पुरात सगळीकडे पाणीच पाणी आणि पिण्याला थेंब नाही, कारण नळयोजनेचा जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, नदीतच असतो, तो बुडतो. विहिरीत नदी शिरते. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी चार लिटर, पाच माणसं, तीन दिवस, झाले साठ लिटर. चार कळश्या-हंडे आणि एक स्वच्छ पिंप, नदी चढतेय असं कळलं की त्याच संध्याकाळी भरून घ्यायचे. नंतरचं पाणी फडक्यानं गाळून खळखळून उकळायचं. आशाताई क्लोरिनच्या गोळ्या देतात, त्या घ्या, टाकून देऊ नका. जुलाब लागले तर लिटरभर उकळलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे चमचे चहाचे.

किड्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथंच माणसं जिवावर बेततील अशी कामं करतात. धान्य किडतं ते ओलीमुळं. दाणा दाताखाली घेतला की कट्टकन फुटला पाहिजे. दबला, तर अजून ऊन द्या. ओलावा बारा टक्क्यांच्या आत असला की पोरकिडे फारसे वाढत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दिवस वाळवायचं, रात्रभर निवू द्यायचं, मग कोरड्या पिंपात गळ्यापर्यंत भरायचं, हवेला जागा न ठेवता. डाळींना चमचाभर एरंडेल चोळलं की टोका लागत नाही. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पार वाळलेला. हिरवा पाला घालणारे धान्यात ओलच घालतात. पण सल्फासच्या गोळ्या घरात आणू नका. कापडात बांधून पिंपात टाकतात, आणि पिंप असतं झोपायच्या खोलीत. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फिन वायू निघतो, आणि त्यावर उतारा नाही. ती गोदामात, जाणत्या माणसांनी वापरायची वस्तू आहे. दुकानदार देतो म्हणून ती घरची होत नाही.

दुसरी गोष्ट पुरानंतरची. पाण्यात भिजलेलं पोतं उन्हात पसरून, वाळवून, पाखडून खाणारी घरं मी पाहिली आहेत. कष्टाचं आहे, टाकवत नाही, ते कळतं. पण पुराचं पाणी म्हणजे संडासाचं, उकिरड्याचं, फवारणीच्या औषधाचं पाणी. शिवाय भिजलेल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर जी बुरशी येते, तिचं विष अफ्लाटॉक्सिन. ते यकृताला बाधतं आणि शिजवून, भाजून जात नाही. जनावरालाही घालू नका, दुधात उतरतं. म्हणून धान्य वर ठेवायचं. आमच्याकडे निळी प्लास्टिकची झाकणाची पिंपं माळ्यावर असतात. पोत्यानं ठेवायचं तर निदान गेल्या पुराच्या खुणेच्या वर. ती खूण गावातल्या बहुतेक भिंतींवर अजून आहे.

घर सोडायची वेळ आली तर माळ्यावरचं धान्य माळ्यावरच राहतं. त्यासाठी एक पिशवी वेगळी: कडक भाकरी, चटणी, फुटाणे, गूळ, पाण्याच्या बाटल्या, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, तान्ह्या बाळाचं जे असेल ते, काडेपेटी प्लास्टिकात, रेशनकार्ड आणि आधार. शाळेत गंजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांच्या जेवणा-राहण्याचं सरकारी केंद्र, उघडतं, तिथं भात-सांबार मिळतं, उपाशी कुणी राहत नाही. पण पहिली रात्र गडबडीची असते, आणि रात्री लेकराला भूक लागली तर पिशवीच उपयोगी पडते.

आमचे हे म्हणतात, माणसाचं सांगितलंस, म्हशीचं? खरं आहे. २०१९ ला माणसं घरं सोडायला तयार नव्हती ती जनावरांपायी. चारशे किलोच्या जनावराला दिवसाला आठ-दहा किलो कोरडी वैरण लागते. कडब्याची गंज नदीकडच्या रानात रचून ठेवायची आणि पूर आला की कपाळाला हात लावायचा, यापेक्षा आठवडाभराचा कडबा उंचावरच्या पाव्हण्याच्या परड्यात आधीच टाकून ठेवावा. त्याबद्दल पाव्हण्याला एक दिवसाचं दूध द्यावं लागलं तर द्यावं.

फ्लॅटवाल्या भाचीचा प्रश्न असतो जागेचा. दिवाणाखालच्या कप्प्यात पंधरा किलो तांदूळ, दोन किलो मूगडाळ, पोह्यांची आणि रव्याची पाकिटं, तेलाचा डबा, कडक भाकरीचा डबा इतकं मावतं. दोन माणसांना त्यात तीन आठवडे निघतात. फक्त रोज खाता तेच ठेवायचं, जुनं पुढं ओढायचं, नवं मागं सारायचं. ऑनलाइन मागवलेली पाच वर्षं टिकणारी पाकिटं तिनं मला दाखवली होती. एका पाकिटाच्या किमतीत महिन्याचा तांदूळ येतो, आणि तिचा मुलगा ते तोंडात धरणार नाही.

पैशाचं म्हणाल तर एकदम कशाला खर्च करायचा? तांदूळ सुगीनंतर, तूर संक्रांतीच्या पुढं, शाळू होळीच्या सुमाराला, संकेश्वरी मिरची आणि चटणीचा मसाला कडक उन्हात. ज्या महिन्यात जे नवं आणि स्वस्त, ते त्या महिन्यात थोडं जास्त घ्यायचं. मीठ, काडेपेटी, मेणबत्त्या, पोहे हे मे संपता संपता. आणि पिठाचा शेवटचा डबा मृगाच्या आदल्या आठवड्यात दळून आणायचा, त्याच्या आधी नाही.